दुसरी चावी कोणाकडे? शहरांच्या हवामान धोरणाची गुंतागुंत

५ जानेवारी २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेकडील भागात मोटार घेऊन जाणाऱ्यांकडून गर्दी-शुल्क घेण्यास सुरुवात झाली. दिवसाच्या गर्दीच्या वेळी एका मोटारीला ९ डॉलर पडतात, आकारणी कॅमेऱ्यांच्या साहाय्याने होते आणि जमा झालेला पैसा भुयारी रेल्वे व बससेवेच्या सुधारणेसाठी जातो. मोटारी कमी झाल्या की कोंडी घटते, इंधन कमी जळते आणि धूरही कमी होतो. रस्ता शहराचा, कोंडी शहराची आणि धूर शहरवासीयांच्याच नाकातोंडात जाणारा. तेव्हा निर्णयही शहराचाच असणार, असे कोणालाही वाटेल.

प्रत्यक्षात शहराच्या महापौरांनी हीच कल्पना २००७ मध्ये मांडली होती आणि शहराच्या लोकनियुक्त सभागृहाने २००८ मध्ये तिला मंजुरीही दिली होती. तरीही ती तिथेच विरली, कारण असे शुल्क बसवायला राज्याचा कायदा लागतो आणि राज्याच्या विधिमंडळात तो प्रस्ताव मतदानापर्यंतही पोहोचला नाही. राज्याचा कायदा झाला तो २०१९ मध्ये. त्यानंतर संघराज्य सरकारची संमती हवी होती, कारण त्या भागातील काही रस्त्यांना केंद्रीय निधी मिळालेला आहे आणि अशा रस्त्यांवर स्थानिक मर्जीने पथकर बसवता येत नाही. ती प्रक्रिया संपत आली असताना, अंमलबजावणीला काही आठवडेच उरलेले असताना, जून २०२४ मध्ये राज्याच्या गव्हर्नरांनी योजना थांबवली आणि नोव्हेंबरमध्ये शुल्काचा दर कमी करून ती पुन्हा मार्गी लावली. शुल्क सुरू होऊन दीड महिना होतो न होतो तोच वॉशिंग्टनमधील नव्या सरकारने आपली संमती मागे घेत असल्याचे कळवले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि केंद्राने योजना बंद पाडण्यासाठी पावले उचलू नयेत असा अंतरिम मनाई हुकूम न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला.

एका बेटाच्या एका टोकाच्या रस्त्यांसाठी अठरा वर्षे खर्ची पडली आणि सरकारचे तीन मजले चढावे-उतरावे लागले. 'अमुक शहर अमुक सालापर्यंत कार्बनमुक्त होणार' अशी बातमी वाचताना हा जिना सहसा दिसत नाही, म्हणून तो नीट पाहणे आवश्यक आहे.

दोन चाव्यांचे लॉकर

बँकेच्या लॉकरचे उदाहरण घेऊ. आत ठेवलेली वस्तू आपली असते, भाडेही आपणच भरतो, परंतु केवळ आपल्या चावीने लॉकर उघडत नाही. बँकेकडची दुसरी चावीही फिरावी लागते. हवामान बदलाच्या बाबतीत शहरांची स्थिती बरीचशी अशीच आहे. एक चावी शहराकडे असते, दुसरी राज्य किंवा प्रांताकडे, तर कधी तिसरी राष्ट्रीय सरकारकडे. एकच धोरण अनेक स्तरांवरील सरकारांनी मिळून, आणि अनेकदा एकमेकांशी भांडत, राबवण्याच्या या पद्धतीला अभ्यासक 'बहुस्तरीय शासन' म्हणतात. हा शब्द जड आहे, त्यामुळे यापुढे आपण चाव्यांविषयीच बोलू.

चावी म्हणजे नेमके काय, हेही सांगायला हवे. ती कधी कायद्याची असते: अमुक नियम करण्याचा अधिकार कोणाला आहे? कधी ती पैशाची असते: कर कोण बसवतो, कर्ज काढायला परवानगी कोण देतो? आणि कधी ती माहितीची असते: कोणत्या इमारतीत किती वीज जळते, हे वीज कंपनीला माहीत असते, शहराला माहीत असेलच असे नाही. यांपैकी कायद्याच्या चावीची चर्चा सर्वाधिक होते. माझ्या मते अडवणूक मात्र पैशाच्या आणि माहितीच्या चावीमुळे अधिक होते, फक्त ती बातमीत येत नाही.

शहराचे उत्सर्जन म्हणजे कोणाचे?

कोळसा, तेल, वायू जाळल्याने किंवा कचरा कुजल्याने हवेत जाणारे आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरणारे वायू म्हणजे हरितगृह वायू. ते बाहेर सोडणे म्हणजे उत्सर्जन. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरसरकारी समितीने २०२२ च्या अहवालात २०२० साली जगातील उत्सर्जनापैकी सुमारे ६७ ते ७२ टक्के वाटा शहरांशी निगडित असल्याचा अंदाज दिला आहे. हा आकडा वाचून शहरांनी मनावर घेतले तर दोन-तृतीयांश प्रश्न सुटेल असा समज होतो, आणि तो घाईचा आहे.

'शहरांशी निगडित' या शब्दांत पुष्कळ काही दडलेले आहे. दिवा लावण्याचे बटण शहरातील घरात असते, पण त्या विजेसाठी कोळसा जळतो तो शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या औष्णिक केंद्रात, ज्यावर शहराचा काडीचाही अधिकार नसतो. पोलाद आणि सिमेंट शहरात वापरले जाते, तयार दुसरीकडे होते. महापालिकेच्या स्वतःच्या इमारती, पथदिवे, बस आणि पंप यांचे उत्सर्जन, म्हणजे ज्यावर तिचा खरोखर हुकूम चालतो तो भाग, बहुतेक ठिकाणी एकूण उत्सर्जनाचा अगदी छोटा हिस्सा असतो. त्यामुळे हिशेब मांडताना शहराच्या हद्दीत जळलेले, बाहेरून आलेल्या विजेमागचे आणि बाहेरून आलेल्या मालामागचे असे तीन निरनिराळे कप्पे करावे लागतात. २०१४ मध्ये शहरांसाठी एक समान मोजणीपद्धत प्रसिद्ध झाली ती याच गोंधळामुळे. जे शहर पहिलाच कप्पा मोजते आणि जे तिन्ही मोजते, त्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही, तरी ती सर्रास केली जाते.

शहराच्या हातात काय असते, याची यादी देशागणिक बदलते. साधारणपणे कोणत्या जमिनीवर काय बांधावे, रस्त्यावर बस, सायकल आणि मोटार यांना किती जागा द्यावी, कचरा आणि सांडपाणी कसे हाताळावे, झाडे कुठे लावावीत, ही कामे शहराकडे येतात. वीजनिर्मिती, वाहनांच्या इंजिनांची मानके, इंधनावरील कर आणि बरेचदा बांधकामाची मूळ नियमावली वरच्या मजल्यांवर राहते. यांत जमीन-वापराचा अधिकार सर्वांत कमी लेखला जातो. मोटार दहा-पंधरा वर्षांनी भंगारात जाते, परंतु कामाच्या ठिकाणापासून तीस किलोमीटरवर वसवलेली वसाहत पुढच्या तीन पिढ्यांना रोज तेवढा प्रवास घडवते.

कोपनहेगन: चावी एका पात्रता-अटीत अडकली

डेन्मार्कच्या राजधानीने २०१२ मध्ये आराखडा मंजूर करून २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होणारी जगातील पहिली राजधानी होण्याचे ठरवले. कार्बन-तटस्थ म्हणजे जेवढे उत्सर्जन होईल तेवढे शोषून किंवा अन्यत्र भरून काढून हिशेब शून्यावर आणणे. शहराने घराघरांत उष्णता पुरवणाऱ्या केंद्रांमधील कोळसा काढला, पवनचक्क्यांत पैसा घातला, सायकलींसाठी रस्ते केले आणि उत्सर्जन पुष्कळ खाली आणले. शेवटचा मोठा तुकडा होता कचरा जाळून वीज व उष्णता निर्माण करणाऱ्या प्रकल्पाचा. हा तोच प्रकल्प, ज्याच्या छतावर बर्फाविना स्कीइंग करता येते म्हणून त्याची छायाचित्रे जगभर फिरली. त्याच्या धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून साठवायचा, असे ठरले होते.

त्यासाठी लागणारा निधी राष्ट्रीय सरकारच्या योजनेतून मिळायचा होता. त्या योजनेत अर्जदार कंपनीकडे ठरावीक प्रमाणात स्वतःचे भांडवल असावे, अशी अट होती. हा प्रकल्प पाच नगरपालिकांच्या मालकीचा. नफा साठवून भांडवल उभे करणे हा त्याचा स्वभावच नव्हे, आणि ती अट त्याला पूर्ण करता आली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये शहराला २०२५ चे उद्दिष्ट साधणार नाही हे जाहीर करावे लागले. कोणी हवामान बदल नाकारला नव्हता आणि कोणता पक्षही आडवा आला नव्हता. राष्ट्र आणि शहर दोघांनाही तेच हवे होते. निधीचे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खासगी कंपनी होती, नगरपालिकांची संस्था नव्हती, एवढ्यावर सगळे अडले. बहुस्तरीय व्यवस्थेत काम कुठे फसते याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

वरच्या मजल्यावरून येणारे 'नाही'

कधीकधी मात्र चावी अनवधानाने अडकत नाही, ती मुद्दाम काढून घेतली जाते. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने २०१९ मध्ये नव्या इमारतींत स्वयंपाक आणि पाणी तापवण्यासाठी वायूवाहिनी जोडण्यास बंदी घातली. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर होते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने ही बंदी अवैध ठरवली. त्याचा आधार होता १९७५ चा ऊर्जाविषयक केंद्रीय कायदा, ज्यानुसार उपकरणांच्या ऊर्जावापराचे नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. आम्ही उपकरणांना हात लावलेला नाही, फक्त वाहिनीला मनाई केली आहे, हा शहराचा युक्तिवाद होता. वाहिनीच नसेल तर उपकरण चालणार कसे, असा न्यायालयाचा सूर होता. पुढच्या वर्षी शहराने तो नियम मागे घेतला. दरम्यान ॲरिझोनापासून सुरुवात होऊन अमेरिकेतील वीसहून अधिक राज्यांनी, आपल्या कोणत्याही शहराला अशी बंदी घालताच येऊ नये, असे कायदे करून ठेवले. ज्यांनी बंदीचा विचारही केला नव्हता, त्या शहरांनाही आगाऊ नकार मिळाला.

याउलट केपटाऊनने चिकाटीने चावी मिळवली. स्वतंत्र उत्पादकांकडून अपारंपरिक वीज विकत घेण्यासाठी राष्ट्रीय मंत्र्यांची परवानगी लागू नये, यासाठी ते शहर २०१७ मध्ये न्यायालयात गेले. न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही सरकारांनी आधी आपसांत वाद सोडवावा असे सांगून प्रकरण परत पाठवले, म्हणजे कागदोपत्री शहर जिंकले नाही; परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय सरकारने नियम बदलून आर्थिक स्थिती चांगली असलेल्या नगरपालिकांना वीज तयार करण्याची किंवा खरेदी करण्याची वाट मोकळी केली. देशात वारंवार होणारे भारनियमन हा त्यामागचा खरा रेटा होता.

टोकियोला कसे जमले?

टोकियोने एप्रिल २०१० मध्ये मोठ्या इमारती आणि कारखान्यांवर उत्सर्जनाची सक्तीची मर्यादा घातली आणि ज्याने मर्यादेपेक्षा जास्त कपात केली त्याने उरलेला हक्क इतरांना विकावा, अशी सोय केली. राष्ट्रीय पातळीवर अशा सक्तीच्या योजनेची चर्चा तेव्हा चालू होती, तिथे ती बारगळली. शहराने मात्र ती करून दाखवली आणि मोठ्या आस्थापनांचे उत्सर्जन पहिल्या पाच वर्षांतच ठरवलेल्या उद्दिष्टाच्या बरेच खाली गेले.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. टोकियोला लागणारी वीज बहुतांशी हद्दीबाहेर तयार होते, म्हणून शहराने वीजकेंद्रांऐवजी वीज वापरणाऱ्या इमारतींवर मर्यादा घातली, म्हणजे आपल्या हातातल्या चावीने उघडेल असेच कुलूप निवडले. शिवाय २००२ पासूनच मोठ्या आस्थापनांना आपल्या ऊर्जावापराचा अहवाल शहराला द्यावा लागत होता, त्यामुळे मर्यादा ठरवण्याची वेळ आली तेव्हा आठ वर्षांची माहिती हाताशी होती. याखेरीज एक गोष्ट या यशाचे दाखले देणारे सहसा सांगत नाहीत: टोकियोचे प्रशासन हे एकाच वेळी महानगराचे आणि प्रांताच्या दर्जाचे आहे. दोन मजले तिथे मुळात एकच आहेत. ज्या शहराचे तसे नाही, त्याला 'टोकियोला जमले, तुम्हाला का नाही?' असे विचारणे अन्यायाचे ठरेल.

उष्णता आणि पाणी: जिथे शहराची चावी पुरते

आतापर्यंत आपण उत्सर्जन कमी करण्याविषयी बोललो. दुसरी बाजू अनुकूलनाची, म्हणजे जो बदल होतोच आहे त्यात माणसे तगतील अशी व्यवस्था करण्याची. इथे शहराचा हात मोकळा असतो, कारण पूर आणि उष्णता यांचा मार गल्लीच्या पातळीवर बसतो.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासातून दिसले. २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील तो असा पहिला आराखडा मानला जातो. त्यात पूर्वानुमान राष्ट्रीय हवामान विभागाचे, पण त्यावरून इशारा देणे, दवाखान्यांना सज्ज करणे, पाण्याची सोय करणे आणि उन्हात काम करणाऱ्यांपर्यंत निरोप पोहोचवणे ही कामे शहराची, अशी वाटणी झाली. तिथल्या एका सार्वजनिक रुग्णालयात प्रसूती कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या छताखाली होता आणि उष्णतेमुळे नवजात बाळांना अतिदक्षता विभागात हलवावे लागत होते. तो कक्ष खाली आणल्यावर अशा बाळांची संख्या घटली. यासाठी विधिमंडळ लागले नाही की केंद्राची संमती. कोणाच्या तरी लक्षात यावे लागले.

मात्र अनुकूलनातही शहराचा हात एका मर्यादेपर्यंतच पोहोचतो. पावसाचे पाणी साठवणारे चौक शहर बांधू शकते, परंतु नदी वर कुठेतरी अडवलेली असते आणि धरणाचे दरवाजे दुसऱ्याच्या अखत्यारीत असतात.

'मग सगळे राष्ट्रीय सरकारनेच का ठरवू नये?'

इतकी ओढाताण पाहून हा प्रश्न साहजिकच मनात येतो, आणि त्याला वजनही आहे. उत्सर्जन घटवण्याच्या २०१५ च्या पॅरिस करारावर सह्या देशांच्या आहेत, शहरांच्या नाहीत; दर पाच वर्षांनी उद्दिष्टे कळवायची तीही देशांनी. वाहनांची मानके किंवा इंधनावरील कर शहरागणिक वेगळे असणे कोणाच्याच सोयीचे नाही. पण प्रसूती कक्ष कोणत्या मजल्यावर आहे, हे राजधानीतून दिसत नाही. काम शक्य तितक्या खालच्या, लोकांना जवळच्या पातळीवर व्हावे आणि तिथे जमत नसेल तरच वर जावे, हे तत्त्व युरोपीय संघाने आपल्या करारातच घातले आहे, ते यासाठीच.

शिवाय खालच्या मजल्यांचेही आक्षेप असतात. लंडनच्या महापौरांनी प्रदूषक वाहनांवरील शुल्क ऑगस्ट २०२३ पासून संपूर्ण महानगराला लागू करायचे ठरवले, तेव्हा बाहेरील भागांतील काही स्थानिक परिषदा त्यांच्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि हरल्या. तिथल्या रहिवाशांचे म्हणणे मात्र अगदीच निराधार नव्हते: मध्य लंडनमध्ये दर दोन मिनिटांनी गाडी मिळते, आमच्याकडे मोटारीला पर्याय कुठे आहे?

'एका शहराने काय फरक पडणार?'

एकट्याने फारसा पडत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. म्हणूनच शहरांनी आपापली जाळी विणली आहेत. फेब्रुवारी २००५ मध्ये उत्सर्जन घटवण्याचा आंतरराष्ट्रीय क्योटो करार अमेरिकेला वगळून अमलात आला, त्याच दिवशी सिअ‍ॅटलच्या महापौरांनी इतर महापौरांना कराराचे उद्दिष्ट आपापल्या शहरात पाळण्याचे आवाहन केले आणि पुढे हजाराहून अधिक महापौरांनी त्यावर सही केली. जून २०१७ मध्ये पॅरिस करारातून बाहेर पडताना अमेरिकेच्या अध्यक्षांनी आपण पॅरिसचे नव्हे, पिट्सबर्गचे प्रतिनिधी असल्याचे सांगितले, तेव्हा पिट्सबर्गच्याच महापौरांनी शहर पॅरिस कराराचे पालन करील असे जाहीर केले. जगातील सुमारे शंभर मोठी शहरे आज 'सी-४०' या गटात आहेत.

या जाळ्यांतून शहरांना अनुभव आणि हिंमत मिळते, तसेच एका शहराने केलेला नियम दुसऱ्याला आयता मिळतो. चावी मात्र मिळत नाही. आणि या जाळ्यांत येतात ती बहुधा मोठी, नावाजलेली शहरे. लाख-दोन लाख वस्तीच्या गावात निधीसाठी अर्ज लिहायलाही माणूस नसतो. जर्मनीने हे ओळखून २००८ पासून नगरपालिकांना हवामानविषयक कामासाठी अधिकारी नेमता यावा म्हणून त्याच्या पगाराचा मोठा भाग केंद्रीय निधीतून देण्यास सुरुवात केली. एका माणसाचा पगार ही बातमी होण्यासारखी गोष्ट नाही, पण त्याच्याशिवाय पुढचे अर्ज, मोजणी, निविदा यांतले काहीच हलत नाही.

घोषणा तपासायची कशी?

याचा एक नमुना ऑस्लोत दिसतो. नॉर्वेची ही राजधानी २०१७ पासून पैशाच्या अर्थसंकल्पासोबतच उत्सर्जनाचाही अर्थसंकल्प मांडते. शहराने २०३० पर्यंत २००९ च्या तुलनेत ९५ टक्के कपात ठरवली आहे. कपात मागायची ती पर्यावरण विभागाने आणि पैसे अडवायचे ते वित्त विभागाने, ही नेहमीची रस्सीखेच तिथे टळते, कारण दोन्ही हिशेब एकाच टेबलावर, एकाच वेळी मांडले जातात. प्रत्येक उपायापुढे त्यातून किती टन उत्सर्जन घटणे अपेक्षित आहे आणि तो राबवण्याची जबाबदारी कोणत्या विभागाची आहे, हे लिहिलेले असते. राष्ट्रीय सरकारने निर्णय घेतल्याशिवाय जी कपात होणार नाही, तिचाही उल्लेख असतो. सगळ्या उपायांची बेरीज उद्दिष्टापर्यंत पोहोचत नसेल, तर उरलेली तफावत त्याच कागदावर आकड्यांत छापलेली असते.